गॅरेजमधलं गलबत



यंदा उन्हाळा सरता सरता गॅरेज आवरायला काढलं. तळाशी एक खोका सापडला. आत आमचा कॉमोडोर अमिगा ५०० आणि चौदा फ्लॉप्या. १९९१ साली हा संगणक मुलाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतला होता. अभ्यास राहिला बाजूला, चिरंजीव रात्रंदिवस अवकाशयानं बांधत बसले!

बांधत म्हणजे कसं, तर आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. स्क्रीनवर वरून, समोरून आणि बाजूनं अशी तीन दृश्यं. त्यात ठिपके मांडायचे, जोडून त्रिकोण करायचे, त्रिकोणांचा सांगाडा उभा करायचा. मग रंग द्यायचा, दिवा कुठे ठेवायचा ते सांगायचं आणि वाट पाहायची. त्याच्या यानाचं नाव 'गलबत'. कान्होजी आंग्र्यांच्या गोष्टी मीच सांगितलेल्या, म्हणून यानालाही पुढे लांब निमुळती नाळ!

तेव्हा अमेरिकेत अमिगात बसवायचं 'व्हिडिओ टोस्टर' मिळत असे. १९९३ साली 'बॅबिलॉन ५' च्या पहिल्या चित्रपटातली यानं त्यावरच तयार झाली. पण ते तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीचं. आपल्या इथल्या पॅल पद्धतीला चालत नसे. त्यामुळे इथल्या पोरांचा सगळा भार साध्या अमिगावर. त्याचा वेग सात मेगाहर्ट्झ! हलतं चित्र हवं तर सेकंदाला पंचवीस चित्रं, दहा सेकंदांना अडीचशे. एकेका चित्राला वीस मिनिटं धरली तरी साडेतीन दिवस. आणि सावल्या, चकाकी असलेलं एकच चित्र हवं तर अख्खी रात्र.

अशाच एका रात्री मी पाणी प्यायला उठलो. पाहतो तर खोलीत कोणी नाही, स्क्रीन काळा आणि मशीन चालू. "वीज काय फुकट येते?" असं पुटपुटत मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सकाळी पोरगा एवढंच म्हणाला, "बाबा, अजून एक तास हवा होता." ते चित्र त्यानं पुन्हा काही केलं नाही. १९९४ मध्ये कॉमोडोर कंपनी बुडाली, पुढे परीक्षा आल्या आणि खोका गॅरेजमध्ये गेला.

मागच्या रविवारी तो नातीला घेऊन आला. नेहमीच्या संगणकाला अमिगाच्या फ्लॉप्या वाचता येत नाहीत. पण आता त्यासाठी एक छोटं सर्किट मिळतं, ते त्यानं आणलं होतं. चौदांपैकी नऊ वाचता आल्या. एकीत गलबताचे ठिपके शाबूत! लॅपटॉपवर जुन्या अमिगाची हुबेहूब नक्कल चालवून त्यानं तेच चित्र पुन्हा करायला लावलं. मी चहा गाळून आणेपर्यंत गलबत स्क्रीनवर तरंगत होतं.

नातीनं विचारलं, "बाबा, हे करायला किती वेळ लागला?"

"आजोबांना विचार," तो हसून म्हणाला.

मी काय सांगणार? "तीस वर्षं, आणि त्यातली चूक माझी," म्हटलं.

तेव्हा मंडळी, तुमच्याही गॅरेजमध्ये असा खोका असेल तर आजच घरात आणा. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर उन्हाळ्यागणिक झिजतो. आमच्या पाच गेल्याच. आणि मुलांच्या खोलीत रात्री काही चालू दिसलं, तर बटणाला हात लावण्याआधी एकदा विचारा!