हिरवळ राहो, पण पिण्याच्या पाण्यावर नको

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 सालचा. मूठभरांच्या खेळासाठी एवढी जमीन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाऊस मुरवणारी उघडी जमीन उरली आहे, हेही तितकेच खरे. तिथे इमारती उठल्या तर ती कायमची जाईल. म्हणून वाद मैदान असावे की नसावे याचा नसून ते कसे राखावे याचा आहे. चेंडू ज्या खळीत पडतो, तिच्याभोवतीचे गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. इतक्या खुरट्या गवताची मुळे उथळ राहतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला वरचेवर पाणी लागते. नेमके तेव्हाच शहराचे तलाव तळ गाठतात. जून 2024 मध्ये मुंबईकरांनी दहा टक्के पाणीकपात सोसली.

उपाय हाताशी आहे. महापालिका घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड येथे नवी मलजल प्रक्रिया केंद्रे उभारत आहे. तिथले शुद्ध केलेले पाणी अशा मैदानांना बंधनकारक करावे. या पाण्यातील क्षारांनी गवत जळते, असा आक्षेप येईल. परंतु क्षार सोसणाऱ्या पास्पालमसारख्या जाती आहेत, आणि साचलेले क्षार धुऊन काढायला आपला चार महिन्यांचा पाऊस आहे. नळजोडणीचा खर्च मोठा असेल. तो मैदान वापरणाऱ्यांनीच उचलावा. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीच्या वाट्याचे पाणी हिरवळीवर शिंपडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.