दहा हजारांत काय काय येतं

गटारीच्या आठवड्यात माझा फोन जरा जास्तच वाजतो. प्रश्न ठरलेला असतो : "वकीलसाहेब, पहिल्यांदाच सापडलाय. दंड किती बसेल?" विचारणारा बहुधा सापडलेल्याचा मेहुणा असतो, सापडलेला स्वतः बोलत नाही. मी सांगतो, "दहा हजार." पलीकडे सुटकेचा निःश्वास ऐकू येतो आणि माझी पंचाईत होते. मला अजून पुढचं सांगायचं असतं, त्यांना फोन ठेवायचा असतो.

सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं आणि पिऊन गाडी चालवणं हे सगळं एकाच पावतीपुस्तकात मावतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मोटार वाहन कायद्यातले बरेच गुन्हे पैसे भरून जागेवर मिटतात, हे खरं. पिऊन गाडी चालवण्याचं कलम 185 मात्र त्या तडजोडीच्या यादीतच नाही. हवालदाराची इच्छा असली तरी त्याला पावती फाडून तुम्हाला सोडता येत नाही. खटला कोर्टात जातो आणि आरोपी म्हणून नावाचा पुकारा होतो. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी पहिल्या गुन्ह्याची शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड 'दोन हजारांपर्यंत' होता, म्हणजे विनवण्यांना थोडी जागा होती. आता आकडाच ठरलेला आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही.

पहिल्याच वेळी खरंच आत टाकतात का? गुन्हा कबूल केला, कुणाला इजा झालेली नसली, तर कोर्ट पुष्कळदा दंडावर भागवतं, कधी सोबत कोर्ट उठेपर्यंतची कैद देतं. पण ती मॅजिस्ट्रेटची मर्जी आहे, आपला हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच राज्यांना कळवलं होतं, की पहिल्या गुन्ह्यातही पोलिसांनी कैदेची मागणी करावी आणि लायसन किमान तीन महिने निलंबित व्हावं. लायसन तर पोलीस जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. रोज गाडी चालवून पोट भरणाऱ्याला दहा हजारांपेक्षा हे तीन महिने महाग पडतात. त्याचा मेहुणा मात्र लायसनबद्दल कधीच विचारत नाही.

नाकाबंदीवर फुंकायला नकार दिला की पुरावाच उरत नाही, हा सल्ला कुठल्या पारावर जन्मला देवाला ठाऊक. नकार देणाऱ्यावर पोलिसाला संशय असेल तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो आणि तो नकारच पुढे आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. अटकेनंतर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाही तर सोडून द्यावं लागतं. ही तरतूद आरोपीच्या बाजूची आहे आणि मी ती कोर्टात जरूर वापरतो. रात्री सरकारी दवाखान्याकडे जीप इतकी जोरात का पळते, ते मात्र यावरून समजून घ्या. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे ओळखीच्या नगरसेवकाला रात्री उठवण्याची गरज नसते. तरी त्याला उठवलं जातंच.

एका गृहस्थांनी पोलिसांपुढे दारूचा परवाना धरला होता. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, बारमध्ये एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, हे सगळं बरोबर. पण तो पिण्याचा परवाना आहे!

आता मर्यादेचं. आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, त्यावर गुन्हा. अमेरिकेतून सुट्टीवर आलेला भाचा "दोन बिअरने काही होत नाही, काका" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तिकडची मर्यादा असते. बहुतेक राज्यांत ती 80 आहे. इथे त्याचा हिशोब चालत नाही. आणि सकाळ झाली की सगळं उतरतं, हाही भ्रमच. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅमच्या गतीने अल्कोहोल कमी करतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही ती गती वाढत नाही. रात्री एकला रक्तात 100 असतील तर पहाटे पाचला सासूबाईंना स्टेशनवर सोडायला निघताना अजून 40 च्या आसपास असतात. माणूस दात घासून, भांग पाडून, अगदी सभ्य चेहऱ्याने गुन्हा करत असतो.

विम्याबद्दल तर कुणी ऐकूनच घेत नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ 2007 मध्ये एक पोर्श उलटून जळाली. चालकाच्या रक्तातलं नेमकं प्रमाण मोजलंच गेलं नव्हतं. तरीही 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीने नाकारलेला दावा नाकारलेलाच ठेवला. परिस्थितीवरून तो नशेच्या अमलाखाली होता एवढं दिसलं, की विम्यापुरतं पुरतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे फौजदारीतून सुटलात तरी गाडीचा खर्च अंगावर येऊ शकतो.

आणि शेवटी कलम 188, जे माझ्या काही वकील मित्रांनाही चटकन आठवत नाही. पिऊन गाडी चालवायला जो चिथावतो किंवा जाणूनबुजून मदत करतो, त्यालाही तीच शिक्षा. "मी कुठे चालवत होतो?" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, की मित्र झिंगलेला आहे हे दिसत असताना किल्ली त्याच्या हातात कुणी दिली? यावर मेहुणा पहिल्यांदाच गप्प होतो. किल्ली बहुतेक वेळा त्यानेच दिलेली असते.