वर्षाचा हिशेब, रोज संध्याकाळी



आपल्याकडे नवे वर्ष चार वेळा येते. मोहरमच्या चंद्राबरोबर हिजरी साल सुरू होते. चैत्रात घरोघरी गुढ्या उभ्या राहतात. एक जानेवारीला भिंतीवरचे कॅलेंडर बदलते. आणि जून सरता सरता विदर्भातील शाळा उघडतात, तेव्हा आपले, म्हणजे विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे, वर्ष सुरू होते. मारेगावच्या कास्तकाराचे वर्षही याच सुमारास सुरू होते. मृगाचा पाऊस चांगला पडला, की तो शेतात सरकी लावतो.

नव्या वर्षी सर्वजण काही तरी ठरवतात. वर्गात या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या, तर बहुतेक वह्यांत एकसारखीच वाक्ये सापडतात. ‘मी पहिला नंबर मिळवीन.’ ‘मी खूप अभ्यास करीन.’ ‘मी मोठेपणी डॉक्टर होईन.’ या इच्छा चांगल्या आहेत. परंतु माझ्या मते ती वर्षाची उद्दिष्टे नव्हेत.

असे का म्हणतो, ते पाहा. वर्गात चाळीस मुले असतील, तर पहिला नंबर एकालाच मिळणार. मग उरलेल्या एकोणचाळीस जणांचे वर्ष वाया गेले काय? पहिला नंबर आपल्या मेहनतीवर जितका अवलंबून असतो, तितकाच दुसऱ्यांच्या मेहनतीवरही असतो. ‘खूप अभ्यास’ म्हणजे किती, हे कोणीच सांगू शकत नाही. जे मोजता येत नाही, ते झाले की राहिले, हेही कळत नाही.

याबाबतीत कास्तकार आपल्यापेक्षा शहाणा असतो. कापूस भरपूर व्हावा, अशी इच्छा त्यालाही असते. पण पाऊस त्याच्या हाती नाही आणि बाजारभावही नाही. म्हणून तो हातातल्या कामांचा विचार करतो. सरकी केव्हा लावायची, डवरणी केव्हा करायची, निंदणाला माणसे केव्हा बोलवायची, हे तो ठरवतो. उद्दिष्ट असेच असावे. ते आपल्या हातातील कामाचे असावे आणि त्या कामाचा दिवस ठरलेला असावा.

आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पवनार येथे धाम नदीच्या काठी विनोबा भावे यांचा आश्रम आहे. विनोबा १९१६ साली गांधीजींच्या आश्रमात गेले. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, प्रकृती बरी नसल्यामुळे ते रजा घेऊन सातारा जिल्ह्यातील वाई येथे आले. तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. थोडे महिने राहून परत जावे, असा त्यांचा विचार होता. पण तेथे नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करण्याची संधी मिळाली आणि मुक्काम वर्षभर लांबला. १९१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी गांधीजींना पत्र लिहून त्या वर्षाचा हिशेब दिला. कोणते ग्रंथ वाचले, प्रकृतीसाठी रोज किती मैल चाललो, जात्यावर किती शेर धान्य दळले, किती सूर्यनमस्कार घातले, आहारातून काय सोडले, किती मुलांना विनामूल्य शिकवले, हे सारे त्यांनी त्यात लिहिले. वर्षभरात त्यांनी सुमारे ४०० मैलांचा प्रवास पायी केला होता. वाईत त्यांनी विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले होते. मंडळातील मुले दळण दळत आणि त्या मजुरीतून वाचनालयाला मदत होत असे.

या पत्रातून शिकण्यासारख्या तीन गोष्टी मला दिसतात. पहिली, विनोबांच्या वर्षात केवळ पुस्तके नव्हती, शरीराचे कष्ट होते आणि दुसऱ्यांसाठी काम होते. दुसरी, ठरवलेला बेत बदलला, तरी त्यांनी तो लपवला नाही. योग्य कारण असेल, तर बेत बदलता येतो, पण कारण सांगावे लागते. तिसरी, त्यांनी केवळ ‘वर्ष चांगले गेले’ असे लिहिले नाही. जे मोजता येण्यासारखे होते, ते मोजून सांगितले. ‘हिशेब’ हा शब्द तुम्हाला उर्दूतून ओळखीचा आहे. मराठीनेही तो आपलाच मानला आहे.

मोठे काम छोट्या भागांत कसे वाटावे, हेही विनोबांनी दाखवले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले. याच विनोबांनी पुढे अरबी भाषा शिकून कुरआन शरीफचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६२ साली निवडक आयतींचे संकलन प्रसिद्ध केले. दुसऱ्याची भाषा शिकण्याला वय आड येत नाही, हे यावरून समजते.

कोणी म्हणेल, ‘विनोबा थोर होते. आमच्याने एवढा नियम होणार नाही.’ मला हे पटत नाही. रमजानमध्ये तुम्ही महिनाभर सहरीला उठता. इफ्तारची वेळ मिनिटामिनिटाने पाळता. रोज नियत करता आणि ती दिवस मावळेपर्यंत निभावता. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे रोजा सुटला, तर उरलेले रोजे कोणी सोडून देत नाही. सुटलेला रोजा पुढे ठेवून कजा अदा केली जाते. अभ्यासातही हेच करावे. एक दिवस चुकला, म्हणून सारा संकल्प सोडून देणे, ही आपली सर्वांत मोठी अडचण आहे. चुकलेला दिवस भरून काढता येतो.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सर्वच मुलांचे वर्ष त्यांच्या हाती नसते. दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटली, की काही मुले आई-वडिलांबरोबर वेचणीला जातात. काही मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबावे लागते. अशा मुलांना ‘तुमचा निश्चय कमी पडला’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी घराने आणि शाळेनेही आपले उद्दिष्ट ठरवले पाहिजे. ‘या वर्षी मुलीची शाळा बुडू देणार नाही,’ असे वडिलांनी ठरवावे. ‘गैरहजर मुलाचा राहिलेला धडा आठवड्यात शिकवीन,’ असे शिक्षकांनी ठरवावे. मुलांकडून संकल्प लिहून घ्यायचे आणि मोठ्यांनी मात्र काहीच लिहायचे नाही, हे बरोबर नाही.

आता या पुस्तकाच्या विषयाकडे येऊ. आपले माध्यम उर्दू आहे. ती आपली गोड भाषा आहे. पण बसवरची पाटी, तहसील कार्यालयातील अर्ज आणि शेताचा सात-बारा मराठीत असतो. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याला स्वतःचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. म्हणून माझी सूचना अशी आहे. रोज पाच नवे मराठी शब्द अर्थासह वहीत लिहावेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या शाळेचे वर्षातून किमान २२० दिवस काम चालावे लागते. त्यांपैकी वीस दिवस वेचणीत, आजारपणात किंवा पाहुण्यांत गेले, असे धरले, तरी २०० दिवस उरतात. २०० गुणिले पाच म्हणजे १००० शब्द! एवढे शब्द जवळ असले, तर वर्तमानपत्र उघडताना भीती वाटणार नाही.

हे शब्द एकट्याने लिहू नका. एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. दर शनिवारी एकमेकांच्या वह्या तपासा. घरी अम्मी किंवा दादी असेल, तर तिलाही एखादा शब्द सांगा. दुसऱ्याला सांगितलेला शब्द आपण सहसा विसरत नाही.

तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मोठमोठी स्वप्ने जरूर लिहा. पण त्यांच्या खाली एकच लहान ओळ लिहा, ‘मी रोज काय करणार?’ संध्याकाळी दिवा लागला, की त्या ओळीसमोर खूण करा. काम राहिले असेल, तर खूण करू नका, पण दुसऱ्या दिवशी वही बंदही ठेवू नका. वर्षाच्या शेवटी तुमचा नंबर कितवा आला, हे प्रगतिपुस्तक सांगेल. तुम्ही काय मिळवले, हे मात्र तुमची वही सांगेल.