डोनाल्डची विहीर

आज 2 एप्रिल, जागतिक स्वमग्नता जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये ठराव केला आणि 2008 पासून तो पाळला जाऊ लागला. ठिकठिकाणी निळे दिवे लागतील, भाषणे होतील. आम्हाला मात्र आज बोलायचे आहे ते भिंतीवरच्या कालनिर्णयाबद्दल.

पाहुणे आले की आई स्वमग्न मुलाला पुढे करते. ‘काकांना सांग बरं, 15 ऑगस्ट 1947 ला कोणता वार होता?’ मुलगा खिडकीकडे बघत सांगतो, ‘शुक्रवार.’ काका मोबाइलवर पडताळतात आणि तोंडात बोट घालतात. पाहुणे जातात. मुलगा पुढच्या वर्षाचे वार सांगू लागतो, मग त्याच्या पुढच्या. आता तेच ‘खूळ’ ठरते. ‘पुरे झालं, आधी जेव!’ आणि एक दिवस कालनिर्णय माळ्यावर जाते.

आईवडिलांवर डाफरण्याचा अधिकार आम्हाला नाही. तेच ते शंभराव्यांदा ऐकताना जीव कसा विटतो, ते ज्याचे त्याला ठाऊक. शिवाय पोटात भीती असते, या नादापायी बोलणे-शिकणे राहून गेले तर? पण आपला शब्दच थोडा फसवा आहे. ‘स्वमग्न’ म्हणतो आपण, आणि मूल बुडालेले असते कॅलेंडरात, पंख्याच्या पात्यांत, लोकलच्या इंडिकेटरमध्ये. शब्द रुळला, आता इलाज नाही.

डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या निबंधातून 11 स्वमग्न मुलांची लक्षणे जगापुढे मांडली, त्यातला पहिला मुलगा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी कॅनर यांना मुलाच्या वागण्याचे वर्णन करणारे 33 पानी टंकलिखित पत्र पाठवले होते. पुढे डोनाल्डला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले गेले. 1945 मध्ये कॅनर त्याला भेटायला गेले आणि त्या जोडप्याचे शहाणपण पाहून थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचा नाद. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला सांगितले. तो मेलेले पक्षी, किडे गोळा करी. त्यांनी त्यासाठी स्मशानाची जागाच नेमून दिली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजे. मग नांगर हाती देऊन म्हणाले, नांगरता नांगरता मोज. कॅनर यांच्या देखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, घोडा सफाईने वळवला.

ते दोघे डॉक्टर नव्हते. पोराची खोड मोडण्याऐवजी त्यांनी तिला काम दिले, एवढेच. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, भरपूर प्रवास केला आणि 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. अर्थात प्रत्येक नादातून नोकरी निघालीच पाहिजे, असा हिशेब कुणी मांडू नये. काही नाद नुसते आनंदाचे असतात. ते तसेच राहू द्यावेत.

तेव्हा माळ्यावरचे कालनिर्णय आज खाली काढा. सोबत पेन्सिल द्या, आणि दुधाचे खाडे यापुढे त्यालाच मांडू द्या.