दुर्बीण, पथ्यपाणी आणि पावती

दिवाळी अंकात असला विषय काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. चकलीचा तुकडा तोंडात टाकून वाचक पान उलटतो आणि समोर मोठे आतडे! पण हा प्रकार आमच्याकडे गेल्या दिवाळीतच घडला, तेव्हा दोष माझा नाही, तिथीचा आहे.

आमचे थोरले बंधू, वय एकसष्ट, ठाण्यास राहतात. त्यांना शौचावाटे रक्त पडू लागले ते गेल्या वर्षीच्या होळीच्या सुमारास. त्यांनी घरात कोणालाही सांगितले नाही. स्वतःच ‘मूळव्याध’ असे निदान केले, सुरणाची भाजी सुरू केली आणि कसलेसे चूर्ण आणले. आपल्याकडे मूळव्याध हा एक मोठा सोयीचा रोग आहे. तो सर्वांना असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि त्याच्या नावाखाली दुसरे काहीही खपून जाते. सहा महिन्यांनी वहिनींच्या लक्षात आले, तेही कपडे धुताना. त्यांनी भावाशी वाद घातला नाही. सरळ मला फोन केला, “भाऊजी, उद्या या आणि ह्यांना घेऊन चला.”

डॉक्टरांनी बोटाने तपासले आणि म्हणाले, “मूळव्याध आहेच. पण वर आणखी काही नाही हे कशावरून? कोलोनोस्कोपी करून घ्या.” म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब. त्यात बोटाएवढी जाड, लवचीक नळी मागच्या वाटेने सरकवतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो, आणि आतले सारे पडद्यावर दिसते.

मग आम्ही भाव विचारत फिरलो. इथे वाचकांना सावध करायचे आहे. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात ही तपासणी फार थोड्या पैशांत होते, पण तारखेसाठी थांबावे लागते. खासगीत दर पाच-सात हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. आम्हाला एका इस्पितळाने टेलिफोनवर नऊ हजार सांगितले. आम्ही खूष झालो. हातात बिल आले ते अठरा हजार तीनशे पन्नासचे! नऊ हजार हे नुसते ‘पाहण्याचे’. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे तीन हजार वेगळे. आत सापडलेल्या दोन गाठी काढण्याचे साडेचार हजार. त्या गाठी प्रयोगशाळेत तपासण्याचे अठराशे पन्नास. कोणी फसवले असे मी म्हणणार नाही; आम्हीच अर्धा प्रश्न विचारला होता. तेव्हा विचारताना असे विचारा : भूल धरून किती? गाठ निघाली तर वर किती? तुकडा तपासायचे किती? आणि उत्तर कागदावर मागा.

विम्याची गंमत तर आणखीच. बहुतेक पॉलिसींत केवळ तपासणीसाठी इस्पितळात दाखल झालात, तर पैसे मिळत नाहीत. पण गाठ काढली की ती शस्त्रक्रिया ठरते आणि एका दिवसात घरी सोडले तरी दावा करता येतो. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर गाठी काढल्याचे स्वच्छ लिहिले आहे ना, हे वहिनींनी दोनदा वाचून पाहिले. त्यामुळे पुढे बरेचसे पैसे परत आले.

आता खरा छळ. तो दुर्बिणीचा नव्हे, आदल्या दिवसाचा. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, बियांची फळे, तीळ, खसखस सारे बंद. वसुबारसेच्या आसपासचा मुहूर्त! घरात अनारसे तळले जात आहेत आणि आमचे बंधू मऊ भात खात बसले आहेत. आदल्या दिवशी तर फक्त आरपार दिसेल असे पातळ : शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, डाळीचे वरचे निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत मात्र चालत नाही, कारण तांबडा रंग आत रक्तासारखा दिसतो. हे वहिनींना आधी ठाऊक नव्हते. त्यांनी तांब्याभर करून ठेवले होते. ते मी प्यालो.

संध्याकाळी पावडर घातलेले दोन लिटर पाणी, थोड्या थोड्या वेळाने ग्लास ग्लास. त्यातला काही भाग पहाटे. चव खारट-गोडसर, मळमळ आणणारी. थंड करून प्यावे, थोडे सुसह्य होते. पुढचे काही तास संडास सोडून फार दूर जाऊ नये. शेवटी केवळ पिवळसर पाणी पडू लागले की काम झाले. हा भाग टाळू नका. आतडे स्वच्छ नसले तर डॉक्टरांना नीट दिसत नाही, आणि सारे सोपस्कार पुन्हा पैसे भरून करावे लागतात. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्यांचे काय करायचे, हे मात्र तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने काही बंद करू नये.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. डाव्या कुशीवर निजवतात, शिरेतून औषध देतात आणि गुंगी येते. बंधू म्हणाले, “मला वाटले अजून सुरूच व्हायचे आहे, तर नर्स म्हणते, झाले!” अर्धा-पाऊण तास लागला. नंतर पोट फुगल्यासारखे वाटते, कारण आत वायू भरलेला असतो. तो सुटू द्यावा, लाजू नये. त्या दिवशी वाहन चालवू नये, सोबत घरचे माणूस हवेच. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण तो हजारात एकाहूनही कमी. घरी गेल्यावर जोराची पोटदुखी, ताप वा पुष्कळ रक्त असेल तर सकाळची वाट पाहू नये.

गाठी काढणे म्हणजे नळीतूनच तारेचा फास सोडून देठाशी कापणे. ही युक्ती १९६९ साली न्यू यॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानी डॉक्टरांनी आपले सहकारी विल्यम वुल्फ यांच्याबरोबर करून दाखवली. त्याआधी अशा गाठीसाठी पोट उघडावे लागे.

तुकड्यांचा अहवाल यायला आठ दिवस लागले. दिवाळी त्या आठ दिवसांतच आली. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, ओवाळणी झाली. भाऊबीजेला बंधू नेहमीपेक्षा मोठ्याने हसत होते आणि वहिनी स्वयंपाकघरातून बाहेरच येत नव्हत्या. अहवाल आला. एक गाठ निरुपद्रवी. दुसरी, जवळजवळ अर्ध्या इंचाची, कर्करोगाच्या वाटेला लागलेली, पण तिथवर पोचलेली नव्हे. डॉक्टर म्हणाले, अशा गाठीला तिथे पोचायला बहुधा काही वर्षे लागतात. तीन वर्षांनी पुन्हा दाखवा. आणि रक्त? ते मूळव्याधीचेच असावे. म्हणजे बंधूंचे निदान बरोबर होते, आणि त्यावर विसंबून राहिले असते तर गाठ आतच राहिली असती.

मी अहवाल घडी करून खिशात ठेवत होतो, तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही सख्खे भाऊ ना? वय काय?”

“चोपन्न.”

“मग तुम्हीही करून घ्या.”

या गोष्टीला वर्ष होत आले. मध्यंतरी पावसाळा होता, मग गणपती होते, मग ऑफिसात हिशेबाची गडबड होती. परवा वहिनींनी विचारले, आणि कारणे संपली होती. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख घेतली आहे. भूल धरून किती, ते लिहून घेतले आहे.