गंजिफा खेळली गेली पाहिजे

जुन्या खेळांचा व खेळण्यांचा संग्रह करण्याची अभिरुची आपल्याकडे अलीकडे वाढीस लागली आहे, आणि काल जी वस्तू माळ्यावर धूळ खात पडली होती तिची आज कोणी निगुतीने निगा राखतो ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. तथापि खेळ म्हणजे केवळ त्याचे साहित्य नव्हे, हा विवेक या उत्साहात मागे पडू लागला आहे, असे सावंतवाडीच्या गंजिफेकडे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या खेळाकडे, पाहून मला खेदाने म्हणावे लागते.

बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल दरबारातल्या या खेळाने पुढे आपल्या चिताऱ्यांच्या हातून दशावतारांचे रूप धारण केले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा, अशी एकूण १२० वाटोळी पाने. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या कापडावर रंग भरून वर लाखेचा लेप दिलेली, आणि मत्स्याच्या सत्तीवर सात मासे मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट. १९७०च्या दशकाच्या आरंभी ही विद्या जाणणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असता, सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय देऊन ती वाचवली, हे ऋण महाराष्ट्राने विसरू नये.

परंतु आज त्या संचांचे होते काय? ते चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगले जातात. तिघांनी मांडी घालून बसावे, चाळीस-चाळीस पाने वाटून घ्यावीत, दिवसा रामाचा राजा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करावी, पाच रंगांत दश्शी थोर तर उरलेल्या पाचांत एक्का थोर हे भान राखावे, आणि हुकमाचा आधार नसल्यामुळे पडून गेलेले प्रत्येक पान स्मरणात साठवीत डाव न्यावा, ही जी या खेळाची खरी संपत्ती, ती त्या चौकटीत मावत नाही. भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद आहे. पण मानांकन पानांना संरक्षण देईल, डावाला नाही.

मुंबईत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन या कलासमीक्षकाने गंजिफांचा मोठा संग्रह केला आणि त्यांवर ग्रंथही लिहिले. जमवावे आणि लिहून ठेवावे, संग्राहकाचे कर्तव्य मी हेच मानतो. जीर्ण पानावरचा उडालेला रंग नव्याने भरू नये, हरवलेले पान करवून घेतल्यास त्याच्या पाठीवर तशी खूण करावी, एवढे पथ्य पुरे. त्यापुढचे श्रम खेळाडूंच्या शोधात खर्चावेत. ज्या घरांत अजून कोणी आजोबा वा आजी हा डाव जाणत असतील, त्यांच्याकडून तो शिकून, गावोगावचे पाठभेद जसेच्या तसे दप्तरी दाखल करण्याची तजवीज आमच्या वस्तुसंग्रहालयांनी व विद्यापीठांनी विनाविलंब करावी, विक्रीच्या प्रत्येक संचासोबत शुद्ध मराठीत नियमांची पुस्तिका द्यावी, आणि कोकणातल्या शाळांनी सुटीत आठवड्यातून एक दुपार तरी या खेळासाठी राखून ठेवावी.