शिकागोचे कीर्तिदालन
मे दिनाच्या हुतात्म्यांच्या शिकागो शहरात २०१० साली थोर लेखकांचे कीर्तिदालन स्थापन झाले. पहिल्याच वर्षी गौरविलेल्या सहा दिवंगत साहित्यिकांत रिचर्ड राइट, लॉरेन हॅन्सबेरी, नेल्सन आल्ग्रेन व स्टड्स टर्केल होते. राइट यांची लेखणी डाव्यांच्या जॉन रीड क्लबात घडली. पुढे ते पक्षापासून दुरावले, तरी ‘नेटिव्ह सन’ (१९४०) ही कादंबरी वर्णद्वेषावरील आरोपपत्रच आहे. टर्केल मॅकार्थी काळात काळ्या यादीत गेले. आल्ग्रेन व हॅन्सबेरी यांच्यावर एफ.बी.आय.ची पाळत होती. हा गौरव स्वागतार्हच आहे. परंतु लेखकाला मान देऊन त्याचा विचार गाळणे ही भांडवली समाजाची जुनी रीत आहे. म्हणून ही पुस्तके त्यांच्यावरील दडपशाहीच्या इतिहासासह कामगार वाचनालयांत पोचविणे, हे पुरोगामी चळवळीचे कर्तव्य ठरते.